फिल्टरचं पाणी

बसा भाऊ, पाण्याची एक गोष्ट सांगतो तुमाले. लहानशीच हाय.

तेलीबांध्याच्या तलावासमोर नवीन बिल्डिंग झाली न, तिथं सुजाताबाई राहते. नवरा सरकारी हापिसात. इंदू तिच्याकडं झाडूपोछा करते. इंदूच्या पोट्टीले पिलिया झाला, म्हणून बाई दोन मोसंब्या घेऊन पाह्याले आली. माझ्याच आटोत. इंदूच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पहिल्यांदाच.

सोनिया खाटेवर पडलेली. डोळे हळदीसारखे. इंदूनं खुर्ची पुसली, गिलास राखेनं घासला, डब्यातलं पाणी भरून बाईपुढं धरला.

"घ्या न दीदी. नळाचं नाही. नळ तर नालीतून येते, काळं पाणी येऊन राहिलं. डॉक्टर म्हणे, पोट्टीले फिल्टरचंच पाजा. हे तुमच्याच फिल्टरचं हाय."

"माझ्या?"

"तुम्हीच तर म्हटलं होतं, त्या बारक्या नळीचं पाणी वाया जाते, घेऊन जात जा."

"थोड़ा खारा है आंटी," सोनिया पडल्यापडल्या बोलली. "मम्मी बोलती है, दवाई है उसमें."

फिल्टरले नळ्या दोन असते भाऊ. एकीतून प्याचं पाणी येते. दुसरीतून, त्यानं जे गाळून फेकलं ते. बाईनं ते पोछ्यासाठी देल्लं होतं.

मी दाराशी उभा. बाईचं तोंड उघडलं. मले वाटलं, सांगते आता.

"मले तहान नाही, इंदू."

इंदूचा हात तसाच राह्यला. मंग हसली.

"पाणी तुमचंच हाय दीदी. गिलास तेवढा आमचा."

बाईनं पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"मंग वाया कायले जाऊ द्याचं?" म्हणून इंदूनं तोच गिलास पोट्टीच्या तोंडाले लावला. पोट्टी गटगट पेली. बाई पाहूनच राह्यली, गिलास रिकामा होतपर्यंत.

काल मीच गेलतो इंदूले सांगाले, ते पाणी प्याचं नाही म्हणून. इंदूनं मलेही गिलास भरून देल्ला. पेलो अन् वापस आलो.

तुमचं जाणं-येणं हाय न इंदूकडं? तेवढं सांगून द्या तिले.