इंदूबाईंची मूठ

"घट्ट धरा, आजी. विळा धरता ना, तसंच."

गरम पाण्यातून काढलेला गोळा इंदूबाईंनी मुठीत धरला. होता प्लास्टिकचा, पण मळलेल्या कणकेसारखा मऊ. तो बोटांच्या फटीत दबला, तळव्याच्या खळग्यात बसला. अपूर्वानं आपले दोन्ही हात त्या मुठीभोवती आवळले.

"आता दहा मिनिटं हलायचं नाही. गार झालं की दगडासारखं होईल."

रिहे गावातल्या इंदूबाईंच्या ओसरीवर दोघींशिवाय कोणी नव्हतं. सगळी आळी भात झोडायला खळ्यावर गेली होती. इंदूबाईंना वयामुळं यंदा कुणी हाकच मारली नव्हती.

अपूर्वा भूगावातल्या एका कंपनीत शेतीची अवजारं घडवायची. विळ्याच्या मुठी पुरुषांच्या हाताच्या मापानं बनतात, कापताना बायकांची करंगळी सुटते, हे तिच्या ध्यानात आलं होतं. म्हणून आठवडाभर ती तालुक्यातल्या बायकांच्या मुठीचे ठसे घेत हिंडत होती. त्यातून एक आकार ठरणार, त्याचा पोलादी साचा होणार आणि साच्यातून हजारो मुठी निघणार. पन्नास वर्षं भात कापलेला हात मात्र तिला आजच सापडला होता.

"तुजा हात लई ऊन हाय गं," इंदूबाई म्हणाल्या.

"पाण्यात होता ना, म्हणून असेल."

"आसंल." मग त्या म्हणाल्या, "औंदा डाग्दरनं नाडी बगाया धरला व्हता हात. त्याच्या आदी कुनी धरला, आटवत न्हाई."

अपूर्वानं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मीच की. लेक हाय, गौतमी. हैदराबादेला नोकरी करतीया. रविवारी फोनमंदी दिसती."

दहा मिनिटं झाली. अपूर्वानं हात सोडवले आणि गोळा अलगद काढून उजेडात धरला. पाची बोटं स्वच्छ उमटली होती. अंगठ्याच्या बुडाशी जुन्या जखमेचा व्रणसुद्धा आला होता. असा ठसा तिला एकाही बाईचा मिळाला नव्हता. ती तो फडक्यात गुंडाळू लागली.

"माजी करंगळी हालली व्हती," इंदूबाई म्हणाल्या.

"नाही हो आजी. बघा, किती छान आलंय."

"हालली. मला कळंना व्हय? आन तू चुकीचं निऊन हजार बायांच्या हातात चुकीचंच देनार?"

"पण हे परत गरम पाण्यात टाकलं तर हा ठसा जाईल, आजी. असा पुन्हा येईलच असं नाही."

"जाऊ दे. पानी ठेवते मी."

त्या उठल्या मात्र नाहीत. त्यांची नजर ठशाकडे नव्हतीच. उजवा हात तसाच मांडीवर पडला होता, बोटं अर्धवट मिटलेली, अपूर्वानं सोडला तेव्हा होता तसा.

अपूर्वा बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिनं स्वतःच चुलीवर पातेलं ठेवलं. पाणी तापल्यावर ठसा त्यात सोडला. पांढरं प्लास्टिक हळूहळू काचेसारखं आरपार झालं. आधी व्रण गेला, मग एकेक बोट. तळाशी नुसता गोळा उरला.

ती बाहेर आली तेव्हा इंदूबाईंनी हात आधीच पुढं केला होता.

अपूर्वानं गोळा त्यात ठेवून पुन्हा दोन्ही हात आवळले. इंदूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. करंगळी जराही हलत नव्हती.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. थोड्या वेळानं विकी, कंपनीचा ड्रायव्हर, अंगणात आला.

"मॅडम, झालं का? मुळशीच्या बाया कवाच्या वाट बघत्यात."

इंदूबाईंची मूठ अपूर्वाच्या हातात एकदम ताठली. अपूर्वानं अंगठ्यानं प्लास्टिक चाचपलं. ते केव्हाच टणक झालं होतं.

"नाही रे, अजून मऊच आहे," ती म्हणाली. "त्यांना कळव, उद्या येते म्हणावं."