एका कपाची किटली

दुसऱ्या खोक्यातूनही तीच किटली निघाली. तोच राखाडी रंग, तीच लाकडी मूठ, जेमतेम एक कप पाणी मावेल एवढं पोट. मधल्या लेकीने थोरल्या भावाकडे असं पाहिलं, जणू त्याने तिच्या पाटीवरचं उत्तर उतरवून घेतलं होतं.

"दादा, माझी नक्कल केलीस!"

"मी? मी तर एआयला विचारून घेतली. म्हटलं, आईला मनापासून आवडेल असं काहीतरी सुचव."

"अरे, मीही त्यालाच विचारलं!"

धाकट्याने आपलं खोकं हळूच खुर्चीखाली सरकवलं. बहिणीने ते ओढून काढलं, कागद फाडला. तिसरी किटली. तिघांचीही हसून हसून पुरेवाट झाली.

आईही हसली. आज तिला सत्तर वर्षं पूर्ण झाली होती. मुलं सकाळी आली होती आणि संध्याकाळच्या गाडीने आपापल्या गावी परतणार होती. सकाळपासून तिला एकच गोष्ट सांगायची होती. आता मला एकटीने राहवत नाही, तुमच्यापैकी कुणीतरी मला घेऊन जा. भाजी निवडताना सांगू म्हणाली, ते राहिलं. जेवताना सांगू म्हणाली, तर थोरल्याच्या साहेबाच्या नकला रंगल्या. वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि घासाबरोबर गिळलं जायचं.

"ताई, तिघांना एकच वस्तू सुचवायची म्हणजे बिनडोकच की हा एआय," धाकटा म्हणाला.

"बिनडोक कसला? तू आईबद्दल काय सांगितलंस त्याला?"

"हेच, की तिला एकटं राहायला आवडतं. आपल्यापुरता चहा करते, खिडकीशी बसते. कुणाची लुडबुड तिला खपत नाही."

थोरला आणि मधली एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनीही जवळपास हेच सांगितलं होतं.

आईने हातातली किटली टेबलावर ठेवली. तिचा उभा जन्म नर्सच्या नोकरीत गेला होता. वॉर्डाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना 'काळजीचं काही नाही' म्हणून सांगायचा एक आवाज तिने कमावला होता. नवरा गेल्यापासून रविवारी मुलांचे फोन आले, की तोच आवाज निघायचा. मी मजेत आहे. एकटीच बरी. माझं माझं छान चाललंय. बोलताना तिला वाटायचं, पलीकडे कुणाचं लक्ष असणार? एकाच्या घरात टीव्ही चालू, दुसरीकडे पोरांचा दंगा, तिसरा गाडी चालवत असायचा.

पण लक्ष होतं. तिघांनीही शब्द न् शब्द ऐकला होता.

"आवडली नाही का गं?" लेकीने विचारलं. आईचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं होतं. तिने मोबाईल हातात घेतला. "थांब, त्यालाच दुसरं काहीतरी विचारते."

"विचार," आई म्हणाली. आवाज जरा चिरकाच निघाला. "पण आधी त्याला सांग, आई फोनवर खोटं बोलते."