पितळी कडी

तीस वर्षं इंग्रजीच्या वर्गात सर एकच नियम घोकून घेत आले: "माणूस काळजीत आहे, असं लिहायचं नाही. खोलीतल्या वस्तू लिहायच्या." लेकही त्याच वर्गात शिकलेली. महिनाभर फोन बंद होता; आज तिचं पत्र आलं. जावयाला वाचता यावं म्हणून इंग्रजीत. नजरेखालून घातल्याशिवाय तो पाठवू देत नाही. सर बायकोला अर्थ सांगू लागले. पडदे नवे आहेत, दिवसाही ओढलेले असतात. जेवणही खोलीतच येतं. दाराला पितळी कडी बसवलीय, छान चकचकीत आहे, असं हे म्हणतात. "जेवण खोलीत, कडी पितळी! पोरीनं नशीब काढलं," बायको हरखली. सर एका पायात चप्पल अडकवून पिशवी शोधत होते. "अहो, निघालात कुठे?" "तिला आणायला." "सगळं छान तर लिहिलंय!" "अगं, कडी तिनं पाहिलेलीच नाही. कडी बाहेरून आहे."