पारगडची बातमी

रूपालीनं टीव्हीमागची केबल उपटली, तिचं टोक कपाटामागं सरकवलं आणि मागं वळली, तर सासरे दारात उभे.

"काय झालं गं टीव्हीला?"

"केबल गेलीय मामा. सगळ्या गल्लीचीच गेलीय."

"जाऊ दे," म्हणत धोंडीराम आपल्या खुर्चीत बसले.

मगाशी शाहूपुरीतल्या मेडिकल दुकानात कामाला जायला ती चपला घालत होती, तेवढ्यात मोबाईलवर बातमी झळकली. मित्रदेशाला दिलेल्या 'पारगड' या विनाशिकेच्या इंजिनरूममध्ये स्फोट. जहाज भर समुद्रात. काही जण बेपत्ता.

त्या इंजिनरूममध्ये तिचा नवरा होता.

प्रसेनजीत नौदलात इंजिन मेकॅनिक. सरकारनं 'पारगड' मित्रदेशाच्या आरमाराला दिली, तेव्हा तिथल्या खलाशांना तिची यंत्रं शिकवायला आपली काही माणसं जहाजाबरोबर गेली. त्यांत तो होता. आता त्याचा फोन लागत नव्हता. नौदलाचा मदत क्रमांक सारखा गुंतलेला.

पण मामांना यातलं अक्षर कळता कामा नये. उन्हाळ्यात त्यांची बायपास झाली होती. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं त्यांचा मोबाईल शोधला. तो खिडकीत पडला होता, बंद.

"चार्जिंग संपलंय," ते म्हणाले. "असू दे. मला कोन फोन करतंय?"

तेवढंच एक बरं झालं, असं तिला वाटलं.

"दुकानात न्हाय जायचं?"

"डोकं दुखतंय. सुट्टी टाकली."

"बरं केलंस."

इतक्यात समोरच्या घरातली नाजिया धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. रूपालीनं बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"काय कळलं काय?"

"न्हाय. हळू बोल."

"चाचांना?"

"त्यांना कळू द्यायचं न्हाय. एक गेलं तर दुसरंबी जाईल माझं."

आपण काय बोलून बसलो हे कळताच तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. नाजियानं तिला जवळ ओढलं.

"कोन हाय गं?" आतून हाक आली.

"नाजिया. कोथिंबीर मागाय आलीय."

ती आत गेली तसा धोंडीरामांनी 'पारगड'चाच विषय काढला. आजच कसं आठवलं यांना? तसं ते जहाज त्यांचंही होतं. 'पारगड' नवी कोरी असताना ते तिच्यावर खलाशी म्हणून चढले होते. त्यांनी ज्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं काढली, तिथंच पुढं त्यांचा पोरगा कामाला लागला.

"वादळात सापडलतो, ते सांगितलंय का तुला?"

"सांगितलंय की मामा."

तरी त्यांनी सांगायला घेतलंच. "कमरंएवढं पाणी इंजिनरूमात. पंप बंद. वर कोन हाय, कोन न्हाय, काय कळंना. सगळ्यांनी आशा सोडली, पर ती बया बुडली न्हाय. आमाला घिऊन आली बंदरात." ते थांबले. "तिला देऊन टाकली तवा मी गेलतो की विशाखापट्टणला. आपला झेंडा उतरला, त्यांचा चढला. माझं डोळं भरलं. प्रसेन म्हनला, आबा, झेंडा बदलू द्या. इंजिन आपल्याच हाताखालचं हाय."

रूपालीला राहवेना. चपातीचं पीठ मळता मळता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, इंजिनरूममध्ये आग लागली तर माणसं वर कशी येतात?"

विचारलं आणि तिनं जीभ चावली.

धोंडीराम उठून खिडकीपाशी गेले.

"शिड्या असत्यात की."

"मग सगळे येतात वर?"

"जेव तू," ते म्हणाले. "सकाळपासनं पोटात काय न्हाय तुझ्या."

तिनं चपात्या लाटून भाजल्या. ते ताटासमोर बसून राहिले, तेव्हा कशीबशी अर्धी चपाती तिनं गिळली. मग आतल्या खोलीत जाऊन ती बुद्धमूर्तीपुढं हात जोडून उभी राहिली. रोजची पाठ असलेली वंदना, पण आज एक ओळ पुरती येईना.

मूर्तीपुढं ठेवलेला मोबाईल थरथरला. नाजियाचा मेसेज होता. टीव्ही लाव, लवकर.

रूपाली पळतच बाहेर आली. कपाटामागून केबल ओढून तिनं जाग्यावर खोचली. पडद्याखालून लाल पट्टी सरकत होती. 'पारगड'ची आग विझली. जहाजावरचे सर्व भारतीय सुखरूप.

मामांच्या खुर्चीशी खाली बसून ती हसत होती आणि रडत होती.

"मामा, वाचला! पारगडवर स्फोट झालता, मी तुमाला सांगितलं न्हाय. केबल मीच काढलती. रागावू नका. तुमच्या जिवाला काय झालं असतं तर?"

"म्हाईत हाय मला."

"काय?"

धोंडीरामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरा हात त्यांच्या छातीवर होता.

"गोळी आणू का मामा? छातीत दुखतंय?"

जिन्यावर पावलं वाजली. दार ढकलून रूपालीची आई आत आली. मागं भाऊ, धम्मपाल. चंदगडहून या वेळेला कोल्हापुरात पोचायचं म्हणजे पहाटेची पहिली एसटी गाठावी लागते, आणि आई कधी न सांगता येत नसे. तिचे डोळे सुजले होते. आल्या आल्या तिनं लेकीला मिठीच मारली.

"आई, अगं वाचला तो! टीव्हीवर सांगितलं आत्ता. तू कशी आलीस? तुला कुनी बोलावलं?"

धम्मपालनं पुढं होऊन टीव्ही बंद केला.

"मी बोलावलं," धोंडीराम म्हणाले. "नेव्हीतनं पहाटंच फोन आलता, पोरी. सुखरूप म्हनत्यात ती जहाजावर उरल्याली; आपला प्रसेन त्यांत न्हाय. तुझी आई पोचूस्तवर तेवढं गप बसायचं हुतं मला."