डावीकडची पाकळी

पाकळी पडली ती डावीकडची.

देवीच्या पायाशी ती तशीच पडून राहिली. गुरव भिकाजींनी ती उचलली नाही. "डावी गो, सिद्धी," ते हलकेच म्हणाले. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. डिचोलीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाभाऱ्यासमोर उभ्या असलेल्यांत ते ठाऊक नव्हतं एकालाच, आणि कौल लावला होता तोही त्यानेच.

एमेट हॉल्म हात जोडून उभे होते. वय ब्याऐंशी. सकाळपासून धाप लागत होती, तरी खुर्ची नको म्हणाले. त्यांच्या नावावर चौदा सिनेमे. पहिला वयाच्या सव्विसाव्या वर्षी केला, बाप ज्या लोखंडाच्या खाणीत राबला त्याच खाणीत उतरून. त्याने अमेरिकाभर नाव झालं. मग दीपगृहावरच्या दोन भावांचा, आंधळ्या घोड्याचा. एकात तर एक बाई अकरा मिनिटं नुसतं पावाचं पीठ मळते. सिद्धीने त्यांच्या सिनेमांवरच प्रबंध लिहिला होता, म्हणून तर दुभाषी म्हणून तिची निवड झाली. ते पीठ मळणं तिने एकदा आईला दाखवलं, तेव्हा आई म्हणाली, "गो, हिणें मीठ खंय घातलां?"

मनासारखं होईपर्यंत हॉल्म एकच शब्द उच्चारत. 'पुन्हा.' एकेका प्रसंगाला चाळीस-चाळीस वेळा. नट रडत, तरी पुन्हा. पुढे काळ बदलला. शेवटचे तीन सिनेमे पडले. लोक तोंडावर वाहवा करत आणि पाठ फिरली की हसत. नऊ वर्षं त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता.

आणि आता पंधरावा. त्यासाठी ते डिचोलीत आले. बंद खाण पाहिली, तिच्या तळाशी साचलेलं हिरवं पाणी पाहिलं, माळावर ओळीने उभे असलेले, चाकांतून गवत उगवलेले ट्रक पाहिले. म्हणाले, "हे तर माझ्या बापाचं गाव." कथेला साठ ट्रक हवे होते, ते चालवणारे हवे होते, सगळं गाव हवं होतं. पण त्यानंतर तीन दिवस ते खाणीच्या कडेला नुसते बसून राहिले. काम सुरू करायचं का, म्हणून कुणी विचारलं की उत्तर एकच, "उद्या सांगतो."

काल संध्याकाळी देवळात एका बाईला मुलीच्या सोयरिकीसाठी कौल लावताना त्यांनी पाहिलं. "मलाही विचारायचंय," ते म्हणाले. आज भिकाजी गाऱ्हाणं घालायला प्रश्न मागू लागले, तर म्हणाले, मनातच विचारतो.

"विचारूं दी," भिकाजी हसले होते. "देवीक सगळ्यो भासो कळटात."

प्रश्न काय असणार, हे सगळ्या गावाला कळलं होतं. म्हणून तर देऊळ भरलं होतं. सिद्धीचे वडील, पांडुरंग, खांबापाशी उभे होते. सहा वर्षांनी त्यांनी आज पहाटे आपला ट्रक धुतला होता. दर्शनी काचेला झेंडूचा हार घातला होता.

"भिकाजीमामा, पुन्हा लावता येईल कौल?" सिद्धीने विचारलं.

"ना गो बाय. परतून विचारप म्हणजे तिचें उतर आयकूंक ना, अशें म्हणप."

ट्रकमालकांचे पुढारी गोकुळदास तिच्या कानाशी आले. "उजवी म्हणून सांग. एक शब्द गो! त्या म्हाताऱ्याक कितें कळटा? साठ गाड्यो भायर पडटल्यो. तुझ्या बापायचीय."

सिद्धीने वडिलांकडे पाहिलं. ते बोलले असते, तर त्यांना नाही म्हणणं तिला सोपं गेलं असतं.

शाळेत असल्यापासून रोज सकाळी ती या देवीला एक फूल वाहत आली होती. तापात असली तरी. देवीकडे कधी काही मागितलं नव्हतं. आज पहाटे मात्र पहिल्यांदा मागितलं होतं. देवीने काय सांगायचं ते सांगितलं. आता त्यात आपल्या पदरचं एक अक्षर घालायचा अधिकार कुणाला?

"काय म्हणते तुमची देवी?" हॉल्मनी विचारलं.

"नाही म्हणते, सर."

"नक्की?"

"नक्की. डावी पाकळी पडली. नाही."

"घाल चुलींत तुझें खरेंपण!" गोकुळदास पुटपुटले आणि पायऱ्या उतरून गेले. मागचे लोकही एकेक करून चपला शोधू लागले. वडिलांनी खांबाकडे तोंड फिरवलं.

हॉल्मचे खांदे हलताना दिसले. रडतात की काय, म्हणून सिद्धीने आधाराला हात पुढे केला. हॉल्म हसत होते. चष्मा काढून डोळे पुसत होते आणि हसत होते.

"वडिलांना सांग, ट्रक उद्या सकाळी सात वाजता खाणीवर हवा," ते म्हणाले. "आणि बाकीचे एकोणसाठही."

सिद्धी गोंधळली. तिला वाटलं, आपलं इंग्रजीच कुठेतरी चुकलं. "पण सर, देवी तर नाही म्हणाली."

"हो ना," हॉल्म म्हणाले. "मी तिला विचारलं होतं, आता थांबू का?"