अमेरिकन कथा

"अमेरिकेत चाललाय का हा सिनेमा? नाही ना? मग इथे कोण बघणार?" असं म्हणून निर्माते हुलुसी साहेबांनी नेव्हझातची कथा पुन्हा परत केली. इस्तंबूलमध्ये पटकथा लिहिणाऱ्या नेव्हझातचं आयुष्य अमेरिकन सिनेमांना तुर्की कपडे चढवण्यात गेलं होतं. स्वतःची म्हणावी अशी ही एकच कथा होती. बोद्रुमच्या समुद्रात स्पंज काढायला उतरलेले त्याचे वडील वर आलेच नाहीत, त्यांची.

शेवटी वैतागून तो खोटं बोलला. "अमेरिकनच आहे, साहेब. तिकडे तुफान चाललाय, इकडे यायचाय अजून."

"मग आधी सांगायचं ना, गाढवा. दुसरा कुणी उचलायच्या आत उरकून टाक."

सिनेमा चालला. पोस्टरवर ठळक अक्षरांत होतं, 'गाजलेल्या अमेरिकन चित्रपटावरून'. कथा माझी आहे, असं नेव्हझात ज्याला सांगे तो हसे.

त्याने बोद्रुमहून आईला बोलावून घेतलं आणि थेटरात नेलं. ती शेवटपर्यंत रडत होती. हिला तरी काही समजावून सांगावं लागणार नाही, असं त्याला वाटलं.

बाहेर आल्यावर डोळे पुसत आई म्हणाली, "त्या अमेरिकन बाईचं नशीबही माझ्यासारखंच निघालं. जिवंत आहे का रे ती अजून?"