दादांचे दात

दंतमंजनाच्या त्या छोट्या कारखान्यात दादांच्या दातांचा शब्द शेवटचा. धाकटा भाऊ पूड वस्त्रगाळ करायचा आणि दादा सकाळी उठल्याउठल्या, चूळही न भरता, तिची चिमूट पुढच्या दातांत घासून बघायचे. पाण्याने दात बधिर होतात, असं त्यांचं ठाम मत.

गेला महिनाभर मात्र रोज कचकच लागत होती.

"गाळायचा कंटाळा करतोस ना?"

"दादा, दोनदा गाळलंय. हवं तर तुमच्यासमोर गाळतो."

समोर गाळलेली पूडही सकाळी कचकचली. हा आपल्या डोळ्यांत धूळ फेकतोय, अशी दादांची खात्रीच पटली. त्यांनी सख्ख्या भावाकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि त्याला घरी बसवलं.

"भाऊजींवर संशय घेऊन घेऊन झोपेतसुद्धा करकरा दात खाता तुम्ही," बायको म्हणाली. "भुगा होईल अशाने दातांचा. बोलवा त्यांना परत."

"माझे दात खोटं बोलत नाहीत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळायलाच कुणी नव्हतं, त्यामुळे पूडही नव्हती. दादांनी चरफडत नुसत्या पाण्याचा घोट तोंडात घेतला.


पाणीही कचकचलं.